उशरांचं घर बुडालं: खानापुरात कानानं वाचलेल्या गॉथिक कथा

मलप्रभाकाठ (खानापूर)

नमस्कार मंडळी. आमच्या आत्तीची, म्हणजे वडिलांच्या बहिणीची, नजर काचबिंदूनं गेली. वय ८१. आयुष्यभर वाचणारी बाई, वाचनालयाचं पुस्तक कधी दोन दिवसांवर घरात राहिलं नाही. आता मी रोज दिवेलागणीनंतर तासभर तिला वाचून दाखवते. मराठी गूढकथा, धारप, मतकरी, सगळं तिचं आधीच वाचून झालेलं. निम्म्या गोष्टीतच "पुढं काय होतं मी सांगते" म्हणते. म्हणून जूनमध्ये, पाऊस लागल्यावर, मी इंग्रजीतल्या जुन्या गॉथिक कथा काढल्या. पुस्तक इंग्रजी, तोंडानं मराठी. समोर वाक्य बघायचं आणि लगेच मराठीत सांगायचं.

पहिली घेतली एडगर ॲलन पो यांची १८३९ सालची उशर घराण्याची कथा. एक माणूस घोड्यावरून आपल्या जुन्या मित्राच्या, रॉडरिक उशरच्या, वाड्यावर येतो. वाड्यापुढं काळं, हलत नाही असं तळं. खिडक्या रिकाम्या डोळ्यांसारख्या. आणि छपरापासून वाकडातिकडा खाली येऊन तळ्यात गेलेला, दिसेल न दिसेल असा एक तडा. रॉडरिकचा आजार असा की त्याला काही सोसत नाही. अळणीच खावं लागतं, ठरावीक कापडच अंगाला चालतं, फुलांच्या वासानं जीव घाबरतो, उजेड डोळ्यांना टोचतो. इथं आत्ती म्हणाली, "डोळ्यांत ते थेंब घातले की मला असंच व्हायचं बघ." त्या क्षणापासून रॉडरिक तिच्या घरातला झाला.

मी तीनदा वाचलेली ही कथा, पण मला त्यात न दिसलेली गोष्ट तिनं ऐकली. रॉडरिकची जुळी बहीण मॅडेलिन वारते आणि तिला वाड्याच्या तळघरात लोखंडी दाराआड ठेवतात. सातआठ दिवसांनी वादळी रात्री, रॉडरिकचं मन रमावं म्हणून, तो मित्र त्याला एक जुनी शौर्यकथा मोठ्यानं वाचून दाखवतो. पुस्तकातला वीर दार फोडतो, तसा फळ्या मोडल्याचा आवाज घरात कुठंतरी होतो. पुस्तकात राक्षसी सर्प किंचाळतो, तशी किंकाळी येते. ढाल जमिनीवर पडते आणि घरात धातूचा दणका. म्हणजे कथेतही एकजण वाचतोय आणि दुसरा ऐकतोय, आणि इथं खानापुरात मी वाचतेय आणि आत्ती ऐकतेय! बाहेर पागोळ्या धो धो. त्या ढालीच्या वाक्यावर आत्तीनं माझ्या मनगटावर हात ठेवला. "थांब. मागच्या सोप्यात काहीतरी पडलं." मला काहीच ऐकू आलं नव्हतं. बॅटरी घेऊन गेले तर ओल धरलेल्या मातीच्या भिंतीचा परातीएवढा पोपडा सुटून खाली पडला होता.

परत येऊन उरलेली दोन पानं वाचली. रॉडरिक सांगतो, मी ऐकत होतो, कितीतरी दिवसांपासून ऐकत होतो, बोलायची छाती झाली नाही, आपण तिला जिवंतच आत ठेवलं. मी थांबले. आत्ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "ऐकू येत होतं की गं त्याला. मग गप का बसला?"

भुताचं तिनं काही विचारलं नाही. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच आहे की या कथा कानानंच वाचायच्या आहेत. डोळ्यांनी वाचताना आपण पुढं पळतो, वर्णन गाळतो, शेवट गाठतो. या कथांमधली भीती आवाजात ठेवलेली असते, आणि तो आवाज कुणाला येतो, कुणाला येत नाही, कोण ऐकूनही बसून राहतो, यावर सगळी कथा उभी असते.

आता माझी अडचण. कथा सुरू होते ती ऑटममधल्या एका उदास दिवशी. पहिल्या दिवशी मी सरळ "शरद ऋतूतला दिवस" म्हणून टाकलं. आत्ती खूश. "हां, म्हणजे स्वच्छ आकाश, चांदणं." झालं, पहिल्याच वाक्यात कथा मेली. मग मी बदलून "आषाढातला दिवस" केलं. ते बरोबर केलं का? आणि पुढं काय वाचू? तुम्ही कुणी असं मराठीत सांगत वाचलंय का?

तंबाखूपेठ (निपाणी)

ताई, वाचून अंगावर काटा आला. भिंतीचा पोपडा तर डोळ्यांसमोर दिसला. आमच्याकडं जुन्या वखारीत अशीच भिंत पावसात सोडते.

एक विचारतो, राग मानू नका. गॉथिक म्हणजे आपली भूतकथाच ना? वेगळं नाव कशासाठी?

कॅम्पातली

@तंबाखूपेठ, रागावण्यासारखं काहीच नाही. 'गॉथ' हे युरोपातल्या जुन्या टोळ्यांचं नाव. पुढच्या काळातल्या लोकांनी मध्ययुगातल्या बांधणीला, म्हणजे टोकदार कमानी, उंच निमुळत्या खिडक्या, याला 'गॉथिक' म्हटलं, तेव्हा त्यात 'रानटी' असाच अर्थ होता. आमच्या बेळगावच्या कॅम्पात सेंट मेरी चर्च बघितलंय ना? ती दगडी बांधणी, वर टोकाला मिळणाऱ्या कमानी, ती त्याच वळणाची. १७६४ मध्ये होरेस वॉलपोल यांनी एका किल्ल्याची कादंबरी लिहिली, आणि पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या आवृत्तीवर 'गॉथिक कथा' असं छापलं. तिथून हे नाव साहित्यात आलं.

भूतकथेत भूत असावं लागतं. गॉथिकमध्ये भूत नसलं तरी चालतं, पण जागा लागते. जुनं घर, बंद खोली, तळघर, आणि त्यात मुरलेलं काहीतरी जुनं पाप किंवा दुःख, जे आत्ता जगणाऱ्यांना सोडत नाही. पो यांच्या १८४३ सालच्या त्या धडधडणाऱ्या काळजाच्या कथेत भूत कुठंय? एक खोली, एक म्हातारा, फरशीच्या फळ्या, आणि खून करणाऱ्याचे स्वतःचे कान.

मलप्रभाकाठ (खानापूर)

@कॅम्पातली, किती नीट सांगितलंत. आणि 'घर' या शब्दावरून एक राहिलं. कथेत पो सांगतात की आसपासचे शेतकरी 'उशरांचं घर' म्हणताना वाडाही धरायचे आणि घराणंही. इंग्रजीत हे मुद्दाम सांगावं लागतं. मराठीत सांगावंच लागत नाही! आपण "त्यांचं घर बुडालं" म्हणतो तेव्हा भिंती कुठं पाण्यात जातात? वंश संपला, पत गेली, असंच म्हणतो. आणि पो यांच्या कथेत शेवटी तो तडा रुंदावतो, भाऊबहीण दोघंही मरतात आणि अख्खा वाडा त्या काळ्या तळ्यात जातो. खरंच बुडतो. मी शेवटचं वाक्य "आणि उशरांचं घर बुडालं" असं सांगितलं तेव्हा दोन्ही अर्थ एकदम आले.

शेजारच्या कन्नड अक्का आता रोज ऐकायला येतात. त्यांना मराठी कळतं, बोलतात मात्र कन्नडच. कथा संपल्यावर त्या हळहळून "मनी होयतु" म्हणाल्या, घर गेलं. पुस्तकात घराला 'मने', पण आमच्याकडच्या बोलण्यात 'मनी'. आत्तीला कन्नड चांगलं येतं, तरी तिनं ते मराठी कानानं ऐकलं आणि म्हणाली, "मनीच की. मनी वसे ते स्वप्नी दिसे." कथेच्या मधोमध रॉडरिक एक गाणं म्हणतो, झपाटलेल्या राजवाड्याचं, त्यात राजवाडा म्हणजे माणसाचं डोकंच असतं, खिडक्या म्हणजे डोळे. दोन बायकांनी एका शब्दात ते धरलं.

हिंडलगा

मी थोडं वेगळं बोलणार आहे. आषाढ मला पटला नाही. ऑटमचा आषाढ केला की मग घोड्यावरून येणारा माणूस भिजला पाहिजे, तळं भरून वाहिलं पाहिजे, बेडूक ओरडले पाहिजेत. पो यांनी तर लिहिलंय की तो दिवस आवाज नसलेला होता. आषाढात आपल्याकडं आवाज नसलेला दिवस असतो का हो? तुमचाच मुद्दा धरून सांगतो, कथा कानानं वाचायची म्हणता तर सुरुवातीची ती शांतता सांभाळायला हवी. तिथं सगळं मुकं आहे म्हणूनच शेवटी दार फुटल्याचा आवाज लागतो.

परका मुलूख परकाच राहू दे. आपल्या आधीच्या पिढ्यांनी रशियन बर्फ मराठीत वाचला, त्यांना काही अडलं नाही.

मलप्रभाकाठ (खानापूर)

@हिंडलगा, तुमचं पटलं. 'आवाज नसलेला' हा शब्द मी सांगताना गाळलाच होता, आज पुस्तक उघडून बघितलं तेव्हा लक्षात आलं. स्वतःचाच राग आला.

काल पुन्हा सुरुवात वाचली. "पानगळीच्या दिवसांतला एक दिवस, मळकट, अंधारलेला, कसलाही आवाज नसलेला, ढग अगदी डोक्यावर टेकलेले." पानगळ म्हटल्यावर आत्तीला चांदणं आठवलं नाही. आपल्याकडं पानं माघ-फाल्गुनात गळतात, पण सुकलेपण तेच. तुमचे आभार.

कॅम्पातली

सांगत वाचण्याबद्दल माझा अनुभव. मराठीत क्रियापद शेवटी येतं, हे या कथांना फार मानवतं. इंग्रजीत 'मी उघडलं' आधी येतं आणि 'दार' नंतर. मराठीत दार, त्याची कडी, कडीवरचा हात, सगळं येऊन जातं आणि उघडलं की नाही ते सगळ्यात शेवटी कळतं. वाचणाऱ्यानं तिथं श्वासभर थांबावं. ऐकणारा आपोआप पुढं झुकतो.

अडतं ते लिंगापाशी. त्या काळजाच्या कथेतला 'मी' पुरुष की बाई हे मूळ इंग्रजीत कुठंही ठामपणे सांगितलेलं नाही, आपण पुरुष धरून चालतो. मराठीत 'मी गेलो' की 'मी गेले' हे पहिल्या ओळीतच ठरवावं लागतं. मी एकदा भाचरांना सांगताना 'मी दार ढकललं', 'मी कंदिलाची झडप उघडली', 'मी वाट पाहिली' अशीच वाक्यं धरत गेले, म्हणजे क्रियापद कर्मामागं जातं आणि बोलणारा लपून राहतो. पानभर जमलं. मग 'मी हसलो की हसले' इथं अडकले. पण त्या पानभरात मुलं जी शांत बसली ती बसलीच, कारण बोलणारं माणूस कोण हेच त्यांना कळेना.

सात रात्री तो 'मी' मध्यरात्री जाऊन म्हाताऱ्याच्या खोलीत डोकावतो, आठव्या रात्री मारतो. म्हाताऱ्याच्या काळजाचा आवाज कसा, तर कापसात गुंडाळलेल्या घड्याळासारखा. आत्तींना हे नक्की वाचून दाखवा. जुनं गजराचं घड्याळ असेल घरात तर दुलईत गुंडाळून ऐकवा आधी.

घाटमाथा (लोंढा)

माझं शिक्षण फार नाही आणि इंग्रजी पुस्तक मी वाचलेलं नाही. पण मुलीनं कॉलेजात असताना एक गोष्ट मला सांगितली होती, ती मी विसरलेलो नाही. सिग्नलवाल्याची. डिकन्सची. ती ताईंनी वाचावी म्हणून लिहितोय.

माझे वडील रेल्वेत होते, कॅसलरॉकच्या घाटात. तिथून खाली कुळेंपर्यंत २६ किलोमीटर, ३७ फुटांमागं एक फूट उतार, १६ बोगदे. पावसाळ्यात धुकं असं की हातातली बत्ती स्वतःच्याच पायाला दिसत नाही. एकेरी लाईनवर तेव्हा गोळा चालायचा. म्हणजे लोखंडी गोळा, कातडी पिशवीत, त्याला मोठी रिंग. ड्रायव्हरला तो मिळाल्याशिवाय गाडी पुढं जायची नाही. दोन स्टेशनांतलं बोलणं घंटीवर. वडील घरी जेवताना घंटी वाजल्यासारखं मान वर करायचे. आई म्हणायची, "काही नाही वाजलं, जेवा."

गोष्टीत तो सिग्नलवाला खोल खणलेल्या कटिंगमध्ये, बोगद्याच्या तोंडाशी एकटा असतो. वरून एक माणूस हाक मारतो, "अहो, खाली कोण आहे?" आणि हा वर बघतच नाही, वळून लाईनकडं बघतो. मुलीनं एवढं सांगितलं आणि मी तिला थांबवलं. मला कळलं होतं. ज्यानं ती हाक आधी कुणाकडून तरी ऐकली आहे तोच असं बघणार. त्याला एक आकृती दिसत असते, लाल दिव्यापाशी, एक हात डोळ्यांवर आडवा, दुसरा जिवाच्या आकांतानं हलवत. पहिल्यांदा दिसली त्यानंतर सहा तासांत लाईनवर मोठा अपघात. दुसऱ्यांदा दिसली आणि गाडीत एक तरुण बाई वारली. आणि घंटी फक्त त्यालाच ऐकू येते.

भीती भुताची नाही वाटली मला. त्याला धोका कळतो पण कुठला, कुठं, ते कळत नाही. तार करायची तर काय लिहून करायची? "धोका. काळजी घ्या." वरून विचारतील कसला धोका. तो काय सांगणार? हे त्याच्या तोंडचंच आहे गोष्टीत. रेल्वेच्या माणसाचं दुःख इतकं नेमकं त्या लेखकाला कसं कळलं, याचं मला आश्चर्य वाटतं. माझे वडील बोगद्याजवळ कुणालाही हाक मारून बोलवायचे नाहीत. शिट्टीच वाजवायचे. कारण विचारलं की म्हणायचे, हाक फिरून येते, कुणाची ते समजत नाही.

हिंडलगा

@घाटमाथा, काका, तुम्ही लिहिलंत हे फार मोलाचं आहे. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर थोडं माझ्याकडं आहे. डिकन्स स्वतः रेल्वे अपघातात सापडले होते. ९ जून १८६५, इंग्लंडमध्ये स्टेपलहर्स्ट इथं. पुलावर रूळ बदलायचं काम चालू होतं, रूळ काढलेले होते आणि गाडी आली. काही डबे खाली गेले. दहाजण गेले. डिकन्स यांचा डबा अर्धवट लटकत राहिला. ते बाहेर पडून जखमींना पाणी देत फिरले, आणि मग डब्यात राहिलेलं आपल्या चालू कादंबरीचं हस्तलिखित आणायला पुन्हा आत गेले. सिग्नलवाल्याची कथा पुढच्याच वर्षी, १८६६ च्या नाताळ अंकात आली. आगगाडीची धास्ती त्यांना शेवटपर्यंत सुटली नाही, आणि ते वारले १८७० मध्ये, तारीख पुन्हा ९ जूनच.

दोन नंबर गेट

इथं कधी लिहीत नाही, आज लिहिते. शार्लट पर्किन्स गिलमन यांची पिवळ्या वॉलपेपरची कथा कुणी काढली नाही म्हणून.

१८९२ सालची. बाळंतपणानंतर मन खचलेली एक बाई. नवरा डॉक्टर. तो तिला हवापालटाला एका जुन्या बंगल्यात नेतो आणि वरच्या मजल्यावरच्या खोलीत ठेवतो. विश्रांती घे. लिहू नकोस, विचार करू नकोस. खिडक्यांना गज, पलंग जमिनीला ठोकलेला, भिंतीला घाणेरडा पिवळा कागद. बघायला दुसरं काही नाही म्हणून ती त्या कागदाच्या नक्षीकडं बघत राहते. हळूहळू तिला नक्षीमागं एक वाकलेली बाई दिसायला लागते, नक्षी हलवणारी, बाहेर यायला बघणारी.

माझं पहिलं बाळंतपण सासरी झालं. मागची खोली. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून खिडकी बंद. शेगडी, धुरी, शेपा-ओव्याचा वास. सगळ्यांनी माझं प्रेमानंच केलं, हे मी आजही म्हणते. पण मला रडू थांबेना, आणि कुणाला सांगायला गेले की एकच उत्तर, "आराम कर, होतं असं." दाखवलं त्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं, माझ्याकडं न बघता, नवऱ्याकडं बघून. पुस्तक मागितलं तर डोळ्यांवर ताण येतो म्हणून दिलं नाही. भिंतीला निळा ऑइलपेंट होता, खालून ओल आल्यामुळं फुगलेला. पलंगावरून हात पोचायचा तिथला पापुद्रा मी रोज नखानं थोडा थोडा काढत होते. त्याखाली आधीचा हिरवा रंग होता, त्याखाली चुना. चाळीस दिवसांत ताटाएवढा भाग मोकळा झाला.

अकरा वर्षांनी ही कथा वाचली. ती बाई कागद ओरबाडते ते पान आलं तेव्हा माझी नखं दुखली. खोटं नाही सांगत.

गिलमन यांनी हे स्वतः भोगलं होतं. मोठ्या नावाजलेल्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं की घरगुती आयुष्य जगा, दिवसात दोन तासांवर डोकं चालवू नका आणि लेखणीला पुन्हा हात लावू नका. त्यांनी तीन महिने पाळलं आणि वेडाच्या काठावर गेल्या. मग लेखणी उचलली. १९१३ मध्ये त्यांनी हे लिहून ठेवलंय.

मलप्रभाताई, तुमच्या आत्तींचा प्रश्न होता ना, ऐकू येऊन गप्प का बसला? या कथेत उलट आहे. ती रोज सांगते, नवऱ्याला ऐकूच येत नाही. आणि तो वाईट माणूस नाही, हे मला सर्वांत भीतीदायक वाटतं.

मलप्रभाकाठ (खानापूर)

@दोन नंबर गेट, तुमचं तीनदा वाचलं. आत्तीलाही वाचून दाखवलं, तुमचं नावगाव नाही म्हणून वाचलं, रागावू नका. ती म्हणाली, "तिला सांग, माझ्या वेळी भिंत शेणानं सारवलेली होती, त्यामुळं खुणा राहिल्या नाहीत." एवढंच म्हणाली. माझ्या जन्माआधी तिची दोन मुलं गेली, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. त्यावर ती कधी बोललेली मी ऐकलं नव्हतं.

तंबाखूपेठ (निपाणी)

काय बोलावं कळत नाही. मी भूतकथाच ना म्हणून विचारलं होतं.

आपल्या भागातलं म्हणून एक सुचवतो. जी. ए. कुलकर्णी आमच्या चिकोडी भागातले, एकसंब्याचे, १९२३ चा जन्म. आयुष्य गेलं धारवाडात इंग्रजी शिकवण्यात. त्यांना कुणी गॉथिक म्हणत नाही, पण 'काजळमाया' वाचताना मला तसाच दाब छातीवर येतो. घरातली जुनी माणसं, न बोललेली गोष्ट, आणि सुटका नाही. आत्तींचं वाचून झालं असेल, पण कानानं ऐकलंय का? पुन्हा वाचा. आणि पोर्तुगीज हद्दीच्या, घाटाच्या इतक्या गोष्टी आपल्याकडं आहेत, त्या म्हाताऱ्या माणसांकडून कुणीतरी लिहून घ्यायला पाहिजेत असंही वाटतंय.

परमुलखी बेळगावकर

रवींद्रनाथांची 'क्षुधित पाषाण' सुचवतो, १८९५ ची. कापसाचा कर वसूल करणारा एक अधिकारी ओसाड महालात राहायला जातो आणि रात्री महाल जिवंत होतो. पैंजण, अत्तर, कारंजी, न दिसणाऱ्या बायकांचं हसणं. सकाळी वेडा मेहेर अली महालाभोवती ओरडत फिरतो, दूर व्हा, सगळं झूठ आहे! अहमदाबादच्या शाहीबागेतल्या महालात रवींद्रनाथ तरुणपणी राहिले होते, त्यावरून ती सुचली. त्यांचे भाऊ सत्येंद्रनाथ तिथं न्यायाधीश होते. हेच सत्येंद्रनाथ पुढं आपल्या कारवारलाही होते आणि रवींद्रनाथ तिथंही येऊन राहिले होते.

ती कथा रेल्वेस्टेशनावर गाडीची वाट बघताना एक प्रवासी सांगत असतो, आणि ऐन वेळी गाडी येते नि गोष्ट अर्धी राहते. आत्ती रागावतील, तयारी ठेवा. परदेशात ही कथा मी बायकोला मोठ्यानं वाचून दाखवली होती, तीही रागावली होती.

मलप्रभाकाठ (खानापूर)

सगळ्यांचे आभार. गेल्या दोन आठवड्यांतलं सांगते.

घाटमाथा काकांची सिग्नलवाल्याची झाली. अक्का होत्या, त्यांचा नातूही होता. 'अहो, खाली कोण आहे?' ही हाक मी दर वेळी त्याच सुरात मारली. शेवटी इंजिनाचा ड्रायव्हर तीच हाक मारतो आणि बघवत नाही म्हणून हात डोळ्यांवर आडवा धरतो. ती आकृती धरत होती तसाच. तेव्हा नातवानं अक्कांचा पदर धरला. काका, तुमच्या वडिलांच्या शिट्टीचं आधीच सांगून ठेवलं होतं. त्यामुळं ती हाक जास्तच लागली.

मग डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्स यांची माकडाच्या पंजाची, १९०२ ची. भारतातून परतलेला एक सार्जंट-मेजर तो वाळका पंजा व्हाईटांच्या घरी आणतो. एका फकिरानं मंतरलेला, तीन माणसांच्या तीन-तीन इच्छा पुऱ्या करणारा. नशिबाच्या आड गेलं की काय होतं हे दाखवायला. म्हातारा दोनशे पौंड मागतो. दुसऱ्या दिवशी मुलगा कारखान्यात यंत्रात सापडून जातो, आणि कंपनीचा माणूस भरपाई म्हणून जी रक्कम सांगतो ती बरोबर दोनशे पौंड. इथं अक्का "अय्यो शिवने" म्हणून उठून उभ्याच राहिल्या.

आई मुलगा परत माग म्हणून हट्ट धरते. त्याला पुरून आठवडा उलटलेला. म्हातारा मागतो. मध्यरात्री दारावर थाप. आधी हळू, मग जोरात. आई खाली धावते. साखळी निघते, खालची कडी निघते, वरच्या कडीला तिचा हात पोचत नाही. ती नवऱ्याला हाक मारते, खाली ये, मला वरची पोचत नाही. तो अंधारात जमिनीवर पंजा चाचपडतोय. ती खुर्ची ओढत आणते. कडी करकरत सरकते. तेवढ्यात त्याला पंजा सापडतो, तो तिसरी इच्छा मागतो, आणि थाप थांबते. दार उघडतं तर समोर रिकामा रस्ता, रस्त्यावरचा दिवा.

मी पुस्तक मिटलं. आम्ही सगळी 'त्यानं बरोबर केलं की चूक' यावर बोलत होतो. कॅम्पातल्या ताईंनी सांगितल्याप्रमाणं मी 'सरकली' आधी थांबले होते, ते छान जमलं असंही मला वाटत होतं. आत्ती यात नव्हती. तिनं विचारलं, "तिचा हात पोचत नाही, हे त्यात लिहिलेलं आहे का तू घातलंस?" म्हटलं, लिहिलेलंच आहे.

काल मी बेळगावहून आले तर दारात सुतार. आमच्या पुढच्या दाराला वर एक पितळी कडी आहे, आजोबांच्या वेळची, ती मीच पाय उंचावून लावते. आत्तीनं त्याला फोन करवून बोलावलं होतं. कडी काढून तिच्या खांद्याच्या उंचीवर बसवायला लावली होती. जुनी भोकं लाकडाच्या भुशानं आणि सरसानं बुजवली होती. मी काही विचारायच्या आत तीच म्हणाली, "तू नसताना रात्री कुणी थाप मारली, तर मला ऐकू येणार आहे. उघडता आलं पाहिजे."

आज रात्री पिवळ्या वॉलपेपरची घेतेय. तिनंच मागितली.